नोकरी सांभाळून क्लिनिकल न्यूरोसायकिॲट्रीचा पदव्युत्तर अभ्यास: कोकणातल्या अनुभवी लोकांनी कुठला टप्पा घ्यावा?

आंबोळगड_एमओ (प्रश्न)

ग्रामीण रुग्णालयात आम्ही तिघं आहोत: एक एमबीबीएस वैद्यकीय अधिकारी (एमओ), एक परिचारिका आणि एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी, म्हणजे रुग्णाला रोजची कामं परत जमवायला मदत करणारा). परिचारिकेचं जीएनएम (नर्सिंगची पदविका) आणि नंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी. झालं आहे. तिघांचाही अनुभव दहा वर्षांच्या वर. ओपीडीत फिट आणि अंगात येणं यातला घोळ, डोक्याला मार लागल्यावर बदललेला स्वभाव, दारू सुटल्यावरची बडबड, म्हाताऱ्या माणसांचा अचानक गोंधळ हे रोजचं आहे. मेंदूचा आजार कुठे संपतो आणि मनाचा कुठे सुरू होतो हे शिस्तीने शिकायचं आहे.

ब्रिटिश विद्यापीठांचे क्लिनिकल न्यूरोसायकिॲट्रीचे अभ्यासक्रम पाहिले. सर्टिफिकेट, डिप्लोमा आणि एम.एस्सी. असे टप्पे दिसतात. विचारायचं ते असं: नोकरी न सोडता आठवड्याला खरोखर किती तास लागतात? इथे परत आल्यावर या पदवीला काय किंमत? आणि प्रवेशाच्या आधीच्या सहा महिन्यांत काय तयारी करावी, म्हणजे पैसे फुकट जाणार नाहीत?

---

भाट्ये_खाडीकाठ

आधी तासांचा हिशेब, कारण बहुतेकांचं तिथेच बिनसतं.

ब्रिटनमध्ये १ क्रेडिट म्हणजे साधारण १० तासांचा अभ्यास. त्यात व्याख्यान, वाचन, लेखन, परीक्षा सगळं धरलेलं असतं. सर्टिफिकेट ६० क्रेडिटचं, डिप्लोमा १२० चा, एम.एस्सी. १८० ची. म्हणजे अनुक्रमे ६००, १२०० आणि १८०० तास. सर्टिफिकेट एका वर्षात करायचं तर आठवड्याला साडेअकरा तास. पूर्ण एम.एस्सी. दोन वर्षांत करायची तर आठवड्याला सतरा तास, तेही एकही आठवडा न चुकवता. रात्रपाळ्या आणि कॉल असलेल्या माणसाने दोन वर्षांची एम.एस्सी. धरू नये. तीन वर्षं मिळत असतील तर ती घ्यावी, नाहीतर सर्टिफिकेटला प्रवेश घेऊन तेच क्रेडिट पुढे जोडता येतात का, हे विद्यापीठाकडून लेखी घ्यावं. ही सोय सगळीकडे नसते आणि असली तरी तिला मुदत असते.

वेळापत्रक आपल्या कोकणाशी कसं जुळतं तेही बघा. तिकडचं वर्ष सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतं. पहिले निबंध डिसेंबर-जानेवारीत आणि दुसरे एप्रिल-मे महिन्यात येतात. प्रबंधाचं मुख्य काम जून ते ऑगस्ट आणि तो द्यायचा ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात. म्हणजे लेप्टो आणि मलेरियाने वॉर्ड भरलेले, वीज बेभरवशाची आणि वर गणपती! रजा कोणालाच मिळत नाही. म्हणून प्रबंधाचं वाचन आणि आराखडा फेब्रुवारीपर्यंत उरकायचा आणि पावसाळ्यासाठी फक्त लेखन ठेवायचं. व्याख्यानं आधीच उतरवून ठेवता येत असतील तरच तो अभ्यासक्रम घ्या. थेट वर्ग दुपारी दोनचा असेल तर आपल्याकडे उन्हाळी वेळेत संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळी वेळेत साडेसात वाजतात. हा एक तासाचा फरक ऑक्टोबरच्या आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतो. त्या आठवड्यात वर्ग हुकणारे दरवर्षी असतात.

नाव एकच असलं तरी बांधणी वेगळी असते. बर्मिंगहॅम विद्यापीठ आणि लंडनचं किंग्ज कॉलेज या दोन्ही ठिकाणी या विषयाचे अभ्यासक्रम झाले आहेत, पण 'अर्धवेळ' म्हणजे 'घरबसल्या' असं समजू नका. अर्धवेळ अभ्यासक्रमातही काही दिवसांचे वर्ग प्रत्यक्ष हजर राहून करायचे असू शकतात. मग व्हिसा, विमान आणि राहणं हा फीव्यतिरिक्तचा खर्च. पूर्ण ऑनलाइन असेल तर विद्यार्थी व्हिसा लागतच नाही.

कागदपत्रांत वेळ खातात त्या दोन गोष्टी: विद्यापीठाची सीलबंद ट्रान्सक्रिप्ट आणि मेडिकल कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट. दोन्हींना चार-सहा आठवडे धरा. इंग्रजीसाठी आयईएल्‌टीएस बहुतेक ठिकाणी ६.५ किंवा ७ मागतात, आणि लेखनाचे गुण स्वतंत्र बघतात. फी परदेशी पाठवताना ठरावीक रकमेच्या पुढे बँक टीसीएस (आगाऊ घेतलेला कर) कापते. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोवर पैसे अडकतात. हप्ते आखताना हे धरून चाला.

---

सागरेश्वर_वाट

पदवीच्या किमतीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. या एम.एस्सी.ने कोणाचंही इथलं रजिस्ट्रेशन बदलत नाही.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोविकार समाजकार्यकर्ता यांच्या व्याख्या दिल्या आहेत. मनोविकारतज्ज्ञ व्हायला मान्यताप्राप्त मनोविकारशास्त्राची पदव्युत्तर पदवी किंवा पदविका लागते: एम.डी., डी.एन.बी. वगैरे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसाठी पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं शिक्षण लागतं. परिचारिकेचा दर्जा नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर ठरतो. तेव्हा तुमच्या एमओंनी पाटीवर 'न्यूरोसायकिॲट्रिस्ट' लिहू नये. सिस्टरांना मनोरुग्ण परिचर्येचा दर्जा हवा असेल तर नर्सिंग कौन्सिलची मान्यता असलेली एक वर्षाची मनोरुग्ण परिचर्या पदविका किंवा दोन वर्षांची एम.एस्सी. नर्सिंग हाच रस्ता आहे. तो आधी घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

एमओंना मात्र कायद्याने आत्ताच एक अधिकार आहे, आणि तो अनेकांना माहीत नसतो. कलम ९४ खाली कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीच्या वेळी जास्तीत जास्त ७२ तास मानसिक आजारावर उपचार करू शकतो. नामनिर्देशित प्रतिनिधी (रुग्णाच्या वतीने निर्णय घ्यायला नेमलेला माणूस) हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. या कलमाखाली ईसीटी (विजेचा उपचार) देता येत नाही. रुग्णाला हलवण्यापूर्वीच्या त्या ७२ तासांत शरीराचा एखादा आजार नजरेतून सुटला तर नाही ना हे ओळखणं हेच न्यूरोसायकिॲट्रीचं काम, आणि त्यासाठी हा अभ्यास खरोखर उपयोगी आहे.

सरकारी नोकरीत असाल तर फी भरण्याच्या आधी योग्य मार्गाने परवानगी घ्या. नंतर मागितलेली परवानगी लोंबकळत राहते.

---

मांडवी_नाकाबंदर

मी शिकवण्याच्या बाजूने लिहिते. प्रवेशाआधी सहा महिने असतील तर पुस्तकांचा ढीग लावू नका. हाताने करायच्या तपासण्या पक्क्या करा, कारण अभ्यासक्रम त्या येतात असं धरूनच पुढे जातो.

फिट की दुसरं काही. फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डरचं (मेंदूच्या रचनेत नाही, कामात बिघाड, त्याने येणारा दुबळेपणा किंवा झटके) निदान 'सगळे रिपोर्ट नॉर्मल आले' म्हणून करायचं नसतं. २०१३ च्या डीएसएम-५ (मनोविकारांच्या निदानाची अमेरिकन नियमावली) पासून भर आहे तो तपासणीत सापडणाऱ्या ठोस खुणांवर. हूव्हरची खूण शिका. रुग्णाला उताणं झोपवा. ज्या पायात जोर नाही त्याच्या टाचेखाली आपला हात ठेवा. टाच खाली दाबायला सांगा: जोर लागणार नाही. मग त्याला चांगला पाय वर उचलायला सांगा आणि तो पाय वरून दाबून धरा. आता दुबळ्या पायाची टाच आपोआप तुमच्या हातावर दाबली गेली तर खूण आहे. चुकतं कुठे? कंबर किंवा खुबा दुखत असेल तर रुग्ण पहिल्या वेळी जोरच लावत नाही. शिवाय मेंदूच्या पॅरायटल (वरच्या-मागच्या) भागाच्या इजेत अर्ध्या अंगाकडे दुर्लक्ष होत असेल तर खूण खोटी दिसू शकते. खूण दिसली की ती रुग्णाला दाखवा: 'बघा, पायात ताकद आहे, मेंदूकडून आज्ञा नीट पोहोचत नाहीये.' 'काही नाही झालेलं' हे वाक्य कधीही वापरू नका. ते खोटं आहे आणि त्याने रुग्ण कायमचा तुटतो.

झटक्यांसाठी नातेवाइकांना मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगा: चेहरा दिसला पाहिजे, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत. डोळे घट्ट मिटलेले, मान डावी-उजवीकडे, हातपाय वेगवेगळ्या लयीत, कमीजास्त होत दोन मिनिटांच्या खूप पुढे चाललेलं, असं असेल तर फंक्शनल झटक्याकडे कल जातो. पण एकाच खुणेवर निकाल देऊ नका, आणि काही रुग्णांना दोन्ही प्रकार असतात. शंका राहिली तर व्हिडिओ-ईईजीला (चित्रीकरणासोबत मेंदूच्या लहरींची नोंद) पर्याय नाही. दोन झटक्यांच्या मधे काढलेला साधा ईईजी नॉर्मल आला म्हणजे अपस्मार नाही, असं होत नाही.

झटक्यानंतरचा वेडसरपणा. लागोपाठ मोठ्या फिट येतात, रुग्ण शुद्धीवर येतो, एक-दोन दिवस अगदी बरा असतो, घरी सोडतात. मग अचानक देवाचं बोलणं, संशय, मारहाण. मधला हा शांत काळ सगळ्यांना फसवतो. घरचे कौल लावायला नेतात, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण डिस्चार्ज देताना कोणी सांगितलेलंच नसतं. फिटच्या साखळीनंतर सोडताना 'आठवडाभर लक्ष ठेवा, झोप उडाली तर लगेच आणा' हे कागदावर लिहून द्यायचं. इतिहासात नवी औषधंही विचारा: लेव्हेटिरासिटाम या फिटच्या औषधाने चिडचिड आणि आक्रमकपणा येऊ शकतो.

पावसाळ्यातला आणि मोहरातला गोंधळ. डेलिरियमची (शरीराच्या आजाराने अचानक होणाऱ्या गोंधळाची) कारणं ऋतूप्रमाणे बदलतात. पावसाळ्यात लेप्टो, मलेरिया, स्क्रब टायफस. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत दोडामार्ग-सावंतवाडीच्या पट्ट्यात माकडताप: त्याचा ताप उतरून काही दिवसांनी दुसरा टप्पा येऊ शकतो आणि त्यात थरथर, गोंधळ, मेंदूज्वराची लक्षणं दिसतात. म्हणून 'ताप तर गेला' हे उत्तर पुरेसं नाही. आंब्यावर तुडतुड्यांसाठी फवारणी चालू असते तेव्हा ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेचे रुग्ण. अशा रुग्णाला ॲट्रोपिन (त्या विषावरचा उतारा) चालू आहे आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो बरळायला लागला, तर तीन गोष्टी वेगळ्या करायच्या. अंग कोरडं, गरम, बाहुल्या मोठ्या, पोटात आवाज नाही, लघवी अडलेली: ॲट्रोपिन जास्त झालं. अंग घामाने भिजलेलं, हात थरथरतात, शेवटचा घोट घेऊन दोन ते चार दिवस झालेत: दारू सुटल्याचा डेलिरियम. मान उचलता येत नाही, श्वास उथळ: विषबाधेनंतर २४ ते ९६ तासांत येणारा इंटरमीजिएट सिंड्रोम (श्वासाचे आणि मानेचे स्नायू दुबळे होणं), आणि गोंधळ ऑक्सिजन कमी पडल्याचा. या तिसऱ्याला झोपेचं इंजेक्शन दिलं तर तो जातो.

दारूच्या रुग्णाला ग्लुकोजची बाटली लावण्याआधी किंवा निदान तिच्यासोबत थायमिन (जीवनसत्त्व बी-१) द्या. डोळ्यांची हालचाल, चालताना तोल, गोंधळ आणि कुपोषण या चारांपैकी दोन दिसले तरी वर्निकी (थायमिनच्या कमतरतेचा मेंदूविकार) समजून उपचार सुरू करतात. डोळे, तोल आणि गोंधळ या तिन्ही ठरीव लक्षणांची वाट बघितली तर बहुतेक रुग्ण निसटतात. संशय पक्का असेल तर शिरेतून ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, अर्ध्या तासात सोडायचं. तोंडाच्या गोळीने हे काम होत नाही, आतड्यातून पुरेसं शोषलंच जात नाही.

फ्रंटल, म्हणजे कपाळामागचा मेंदू. माडावरून किंवा आंब्यावरून पडलेला माणूस सीटी 'ठीक' म्हणून घरी येतो आणि तीन महिन्यांनी घरचे म्हणतात, 'हा आमचा माणूसच नाही.' या भागातल्या तीन वाटा लक्षात ठेवा. बाहेरच्या बाजूची बिघडली तर आखणी आणि क्रम जमत नाही. डोळ्यांच्या वरची बिघडली तर लाजलज्जा आणि आवर सुटतो. मधली, सिंग्युलेटकडची, बिघडली तर माणूस नुसता बसून राहतो. तिसऱ्याला नैराश्य समजून गोळ्या दिल्या जातात. फरक असा की नैराश्यात दुःख सांगतो, इथे काहीच वाटत नाही. हा भाग तपासायची फ्रंटल असेसमेंट बॅटरी ही चाचणी सहा भागांची, १८ गुणांची, दहा मिनिटांत होते. त्यातली मूठ-कडा-तळवा ही हालचाल आधी स्वतः न चुकता करायला शिका.

आणखी दोनच. तरुण मुलीत आठवड्याभरात उभं राहिलेलं सायकोसिस (भास, भ्रम), सोबत फिट, तोंडाच्या विचित्र हालचाली, बोलणं थांबणं: एनएमडीए रिसेप्टरचा ऑटोइम्यून एन्सेफलायटिस (शरीराच्याच प्रतिकारशक्तीने मेंदूला आलेली सूज) डोक्यात यायलाच हवा. हा आजार २००७ मध्ये ओळखला गेला. पाठीच्या पाण्याची तपासणी आणि अंडाशयाची सोनोग्राफी करायला पाठवा. आणि ज्या वृद्धाला नजरेसमोर माणसं-मुलं दिसतात, अंग ताठ आहे, दिवसागणिक शुद्ध कमीजास्त होते, त्याला हॅलोपेरिडॉल देऊ नका. लुई बॉडी डिमेन्शियात (स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार) ते जिवावर बेतू शकतं.

---

वेंगुर्ला_चाचणी

ओटी आणि एमओ दोघांसाठी, चाचण्यांबद्दल. अभ्यासक्रमात एसीई-३ आणि मोका या स्मृती-बुद्धी तपासायच्या चाचण्या सारख्या भेटतील. एसीई-३ शंभर गुणांची: लक्ष १८, स्मृती २६, शब्दओघ १४, भाषा २६, दृश्य-अवकाश १६. निबंधात केस लिहिताना फक्त बेरीज लिहिली तर गुण जातात. कुठल्या भागात गळती झाली हेच निदान सांगतं.

इथे वापरताना अडचण होते ती अशी. एसीई-३ च्या चित्रांत पेंग्विन, हार्प, अकॉर्डियन आहेत. चौथीपर्यंत शिकलेल्या आजीला हार्प आलं नाही यात तिच्या मेंदूचा दोष नाही. जहाजाचा नांगर मात्र दर्यावरचा माणूस पटकन सांगतो, आणि शेतकरीही 'नांगर' म्हणतो तेव्हा त्याला कुठला म्हणायचा आहे ते 'हा कशासाठी वापरतात?' असं विचारून घ्यावं लागतं. अक्षरावरून शब्द सांगण्याची चाचणी निरक्षर माणसाला लावूच नये, प्राण्यांची नावं एका मिनिटात सांगणं चालतं. मोकामध्ये बारा वर्षं किंवा कमी शिक्षणाला एक गुण वाढवून देतात, पण घन काढणं आणि अंक-अक्षर जोडणं कधी न केलेल्याला तो एक गुण पुरत नाही. निरक्षरांसाठी हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन भारतातच तयार झाली आहे, आणि तिच्या जोडीला घरच्यांना रोजच्या कामांबद्दल विचारायची ईएएसआय. शब्द आपण मालवणीत बदलले तर ते कागदावर नोंदवा आणि मूळ कट-ऑफ (आजाराची शंका घेण्याची गुणमर्यादा) लावू नका.

चष्मा आणि कान आधी. मोतिबिंदू असलेल्या माणसाची दृश्य-अवकाश चाचणी घेणं निरर्थक आहे.

---

कुणकेश्वर_वॉर्ड

सिस्टरांसाठी एवढंच. ४एटी ही डेलिरियम ओळखायची झटपट चाचणी आत्तापासून रोज वापरायला लागा, तिला वेगळं प्रशिक्षण लागत नाही. चार भाग: सावधपणा, चार प्रश्न (वय, जन्मतारीख, ठिकाण, चालू वर्ष), महिने उलटे म्हणणं, आणि बदल अचानक झाला का. ४ किंवा अधिक गुण म्हणजे डेलिरियमची शक्यता. आपल्या वृद्धांना जन्मतारीख मुळातच माहीत नसते आणि डिसेंबरपासून उलटं येत नाही, फाल्गुनापासून येतं. तसं विचारलं तर तशी नोंद करा.

गप्प पडून राहणारा रुग्ण 'शांत आहे' म्हणून शिफ्टच्या नोंदीत जातो. शांत डेलिरियम सगळ्यात जास्त निसटतो तो इथेच. प्रत्येक शिफ्टला एकाच वेळी, एकाच पद्धतीने गुण लिहिले तर चढउतार दिसतो, आणि तो डॉक्टरांना सकाळच्या एका राउंडमध्ये कधीच दिसत नाही.

---

आंबोळगड_एमओ

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरतंय ते असं: मी आणि ओटी सर्टिफिकेटला अर्ज करतो, सिस्टर आधी मनोरुग्ण परिचर्येच्या पदविकेला. एक प्रश्न राहिला. पुढे एम.एस्सी. केली तर प्रबंधासाठी आमच्याच रुग्णांची माहिती वापरता येईल का?

---

भाट्ये_खाडीकाठ

येईल, पण दोन परवानग्या लागतात: विद्यापीठाच्या एथिक्स समितीची आणि इथल्या नोंदणीकृत एथिक्स समितीची. ग्रामीण रुग्णालयाला स्वतःची समिती नसते. जवळच्या मेडिकल कॉलेजच्या समितीकडे जावं लागतं आणि तिथला एखादा प्राध्यापक सहमार्गदर्शक म्हणून घ्यावा लागतो. विद्यापीठ म्हणतं आधी स्थानिक परवानगी आणा, स्थानिक समिती म्हणते आधी विद्यापीठाची दाखवा. यातून सुटायला दोन्हीकडे एकाच आठवड्यात अर्ज टाका आणि 'दुसऱ्या मंजुरीच्या अधीन राहून' अशी मंजुरी मागा. सहा महिने धरा.

तेवढा वेळ नसेल तर उपलब्ध संशोधनाचा पद्धतशीर आढावा घ्या, त्याला रुग्णांची माहिती लागत नाही. किंवा सेवेचं ऑडिट: वॉर्डातल्या ६५ वर्षांवरच्या किती रुग्णांची ४एटी पहिल्या २४ तासांत झाली, प्रशिक्षणानंतर किती झाली. ऑडिटला पूर्ण एथिक्स मंजुरी लागेल की नाही, ते समितीनेच लेखी सांगायला हवं, आपण ठरवायचं नाही.

केस लिहिताना फक्त नाव काढून भागत नाही. 'अमुक वाडीतला माडावरून पडलेला ४२ वर्षांचा गुरव' एवढ्यावर अख्खा तालुका माणूस ओळखतो. गाव, जात, नेमकं वय आणि महिना काढा. चित्रीकरणाची संमती वेगळी आणि लेखी घ्या, आणि फाइल व्हॉट्सॲपवर कधीही पाठवू नका.

---

मांडवी_नाकाबंदर

डॉक्टर, ऑडिटचा विषय घेतलात तर सिस्टरांना पहिल्या दिवसापासून त्यात घ्या. २४ तासांतली नोंद त्यांच्याच हातून होणार आहे. नोंदीचा तक्ता सप्टेंबरच्या आधी तयार करून महिनाभर चालवून बघा. 'तपासता आलं नाही' असा रकाना त्यात हवाच, नाहीतर कॅथेटर ओढणारा, बोलू न शकणारा रुग्ण शून्य गुणांत गणला जातो.